तयार तंबू आणि मुलांचं शिबिर
तंबू, गाद्या, जेवण सगळं तयार मिळालं की मुलांना निसर्ग पाहायला जास्त वेळ मिळतो, असं तयार शिबिरांच्या बाजूने म्हटलं जातं; ते मला पहिल्यांदाच घराबाहेर झोपणाऱ्या लहानग्यांपुरतं पटतं. पण मोठ्या मुलांचं काय? १९०७ साली इंग्लंडमधल्या ब्राउन्सी बेटावरच्या शिबिरात स्काउट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी मुलांच्या चार तुकड्या केल्या आणि प्रत्येकीची जबाबदारी तिच्यातल्याच एका मुलावर सोपवली. उतार बघून जागा निवडणं, तंबूचं दार वाऱ्याच्या उलट बाजूला ठेवणं, खुंटी तिरकी ठोकणं, यावरून मुलं भांडतात आणि आपसांत मिटवतातही. हे सगळं कर्मचाऱ्यांनी आधीच उरकलं तर तुकडीनायकाने करायचं काय? निदान एक रात्र तरी तंबू मुलांनाच उभारू द्या, रिमझिम पाऊस असला तरीही.