मदत हवी आहे: मेडिकलवाला जिंको देईना, ऑनलाइन मागवू का?

जुळेसोलापूर:
अण्णांना विसरायचा आजार आहे. औषध चालू आहे, पण दिवाळीनंतर फारच बिघडलंय. पुण्याचा भाऊ म्हणाला जिंको बायलोबा सुरू कर, झाडाच्या पानांच्या अर्काची गोळी असते, स्मरणशक्तीसाठी घेतात. सात रस्त्याजवळच्या मेडिकलमध्ये गेलो तर काउंटरवरचा पोरगा म्हणतो, "आधी सगळ्या चिठ्ठ्या दाखवा." जिंकोला चिठ्ठी लागतच नाही! वाद घालून आलो. कुठल्या कंपनीची चांगली? सोबत अश्वगंधा चालते का? रात्री ऑर्डर टाकायचीय, लवकर सांगा.

रमणी_टी:
वय? बाकी कुठल्या गोळ्या चालू आहेत?

जुळेसोलापूर:
७८. नेहमीच्याच गोळ्या. प्रश्न कंपनीचा आहे.

रमणी_टी:
नेहमीच्या म्हणजे? आमच्या घरी नेहमीची म्हणजे ॲसिडिटीची.

तुपातली_ब्राह्मी:
ती परदेशी पानं कशाला? ब्राह्मी घृत द्या, सकाळी अनशापोटी, कोमट पाण्याबरोबर. आमच्या सासूबाई परत नातवंडांची नावं घ्यायला लागल्या. माहितीतले वैद्य आहेत, व्यनि (खाजगी निरोप) करा.

कडकभाकरी:
मेडिकलवाल्यांना आता डॉक्टर व्हायचंय. हेच लोक प्रोटीनचे डबे दारात रचून ठेवतात, तेव्हा कुणाची चिठ्ठी बघतात?

काउंटरमागून:
मी फार्मासिस्ट आहे, सोलापुरातच. कडकभाकरी, डब्यांबद्दल बोललात ते खरं आहे. त्यांवर 'नॉट फॉर मेडिसिनल यूज' छापलेलं असतं, कारण कायद्याने ते अन्नात मोडतात, औषधात नाही. म्हणून चिठ्ठी लागत नाही. पण चिठ्ठी लागत नाही म्हणजे विचारूही नये असं कुठे आहे? २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांत पेशंटला समजावून सांगणं हे आमचंच काम धरलंय. पोराने बरोबर विचारलं.
जुळेसोलापूर, रक्त पातळ करायची गोळी आहे का? एवढं एक सांगा.

जुळेसोलापूर:
स्टेंट टाकलाय, त्याची ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेल आहे. विसरण्याची डोनेपेझिल १०. शुगरची मेटफॉर्मिन. झालं समाधान?

काउंटरमागून:
मग जिंको नकोच. ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेलच्या जोडीला जिंको घेतलं तर रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो, आणि या वयात पडझड आलीच. शिवाय उपयोग काय? अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीचा निकाल २००८ मध्ये आला. पंचाहत्तरीच्या पुढचे तीन हजारांवर लोक, १२० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, कित्येक वर्षं. डिमेन्शिया, म्हणजे हाच विसरायचा आजार, काही टळला नाही. अश्वगंधाने गुंगी येऊ शकते, क्वचित लिव्हरला त्रास होतो. ब्राह्मीने काहींचं पोट बिघडतं, आणि डोनेपेझिलने तर आधीच मळमळ होते, नाडीही मंदावते. तेव्हा तुपातलीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.
मेटफॉर्मिनने बी-१२ कमी होऊ शकतं, आणि ते कमी असलं तरी विसरभोळेपणा वाढतो. ते तपासून घ्या. कमी निघालं तर ते सप्लिमेंट जरूर द्या.

तुपातली_ब्राह्मी:
हजारो वर्षांचं शास्त्र एका अमेरिकन चाचणीने खोटं ठरलं म्हणायचं.

काउंटरमागून:
ती चाचणी जिंकोची होती हो.

हरवले_ते_गवसले:
फिरायला जातात का? हातात फोन नंबर कोरलेलं कडं घाला. आमचे काका विजापूर वेशीत सापडले होते. १४५६७ हा ज्येष्ठांचा नंबरही लिहून ठेवा.

जुळेसोलापूर:
फिरत नाहीत हो, पलंगावरून उठतच नाहीत. आता तर जेवतही नाहीत. रात्री चारदा पाणी मागतात, तितक्याच वेळा लघवीला. संडास तर आठवडा आठवडा होत नाही.

तुपातली_ब्राह्मी:
त्रिफळा! रात्री एक चमचा.

कडकभाकरी:
इसबगोल. त्रिफळ्याने पोटात मुरडा येतो.

काउंटरमागून:
थांबा जरा. तहान, लघवी, बद्धकोष्ठ, जेवण नाही, गोंधळ. शुगर किती आहे? आणि कॅल्शियम किंवा डी व्हिटॅमिनचं काही चालू आहे का?

जुळेसोलापूर:
शुगर परवा बघितली, ठीक आहे. कॅल्शियमची गोळी आहे. आणि डीची पावडर. सकाळी दुधातून ते स्वतःच घेतात, तेवढं मात्र विसरत नाहीत. संपली की आई कोपऱ्यावरच्या दुकानातून आणते. तो बिचारा काही विचारत नाही, चांगला माणूस आहे.

रमणी_टी:
सकाळी म्हणजे रोज?

जुळेसोलापूर:
रोज. दूध रोजच पितात की ओ.

काउंटरमागून:
पुडीवर ६०,००० लिहिलंय का बघा.

जुळेसोलापूर:
हो. ६०,००० आय.यू. हाडांच्या डॉक्टरांनी दिलेली.

काउंटरमागून:
ती आठवड्यातून एकदा घ्यायची असते, आणि तीही ठरावीक आठवडेच. डी व्हिटॅमिन चरबीत साठतं, लघवीवाटे निघून जात नाही. रोज घेतलं की रक्तातलं कॅल्शियम चढतं. तुम्ही सांगताय ती सगळी लक्षणं त्यात बसतात, गोंधळसुद्धा. म्हणजे हे सगळं मूळच्या आजाराचंच असेल असं नाही. नक्की काय ते रक्त तपासल्यावरच कळेल: कॅल्शियम, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), डी. पुडी आणि कॅल्शियम आजपासून बंद. बाकी गोळ्या मनाने थांबवू नका, स्टेंटच्या तर मुळीच नाही.

कडकभाकरी:
इतकी वर्षं लोक डी खातायत, कुणाला काही झालं नाही.

रमणी_टी:
रोज साठ हजार कोण खातं बे?

जुळेसोलापूर:
आज रविवार, लॅब बंद. उद्या चालेल ना?

काउंटरमागून:
नेहमीपेक्षा जास्त झोपाळू आहेत का? उलट्या?

जुळेसोलापूर:
दुपारपासून झोपूनच आहेत. संध्याकाळी एक उलटी झाली, वाटलं शेंगाचटणी बाधली.

काउंटरमागून:
मग उद्या नाही, आत्ता निघा. सिव्हिल किंवा जवळ जे असेल तिथे, थेट कॅज्युअल्टीत. घरातले झाडून सगळे डबे, पुड्या, पत्ते पिशवीत भरून न्या, आईने आणलेलेही. 'नेहमीच्या गोळ्या' म्हणू नका, पिशवी टेबलावर रिकामी करा. 'डी रोज घेत होते' हे पहिलं वाक्य.

जुळेसोलापूर:
रिक्षा बोलावली. आई विचारतेय दूध द्यायचं का.

काउंटरमागून:
झोपेत आहेत तोवर तोंडाने काही नको, ठसका लागेल. निघा.

तुपातली_ब्राह्मी:
घरी आले की कळवा. वैद्यांचा नंबर देऊन ठेवते.