मदत हवी आहे: नांदेडच्या भूजलावरचे (फ्लोराइड, नायट्रेट) जुने प्रबंध ऑनलाइन कुठे आणि कसे शोधायचे?

पैनगंगा_काठ

नमस्कार मंडळी. विषय आहे किनवट, देगलूर, बिलोली पट्ट्यातल्या विहिरी-बोअरच्या पाण्यातलं फ्लोराइड आणि नायट्रेट. आरआरसीसमोर (संशोधनाला मान्यता देणारी विद्यापीठाची समिती) सिनॉप्सिस मांडायच्या आधी या भागावर आजवर झालेलं पीएच.डी. आणि एम.एस्सी.चं काम गोळा करायचंय. अडतंय ते असं:

शोधगंगेवर (भारतीय विद्यापीठांच्या प्रबंधांचं ऑनलाइन भांडार) ‘नांदेड’ आणि ‘फ्लोराइड’ टाकलं की मोजकेच निकाल येतात. नुसतं ‘ग्राउंडवॉटर’ टाकलं की देशभराचा ढीग. कृषी विद्यापीठाचे प्रबंध तिथे सापडंना झालेत. भूगोलाचे काही प्रबंध मराठीत आहेत, पण त्यांच्या पीडीएफमध्ये शब्द शोधला की काहीच येत नाही. आणि जे मिळालेत त्यातले आकडे एकमेकांशी जुळवायचे कसे?

काळी_माती

ताई, साईट बदलायच्या आधी शब्द बदला. (इथं सगळं देवनागरीत लिहायलोय, शोधताना रोमनमध्ये टाका.)

विहीर तीच, पण प्रत्येक डिपार्टमेंट तिला वेगळ्या नावानं हाक मारतं. भूशास्त्रवाले शीर्षकात ‘हायड्रोजिओकेमिस्ट्री’ लिहितात, रसायनवाले ‘फिजिको-केमिकल’, पर्यावरणवाले ‘वॉटर क्वालिटी इंडेक्स’. भूगोलात ‘जीआयएस’ (संगणकावरचं नकाशाकाम) आणि ‘स्पेशियल’ हे शब्द धरा. कृषीमध्ये ‘इरिगेशन वॉटर’ म्हणतात. तिथं शीर्षकात फ्लोराइड क्वचितच येतं, एसएआर आणि आरएससी (पाणी सिंचनाला चालेल का हे सांगणारी सोडियम-कार्बोनेटची गुणोत्तरं) येतात, पण आतल्या तक्त्यात सोडियम, बायकार्बोनेट सगळं असतं. प्राणिशास्त्र सोडू नका: ‘लिम्नॉलॉजी’च्या (गोड्या पाण्याचा अभ्यास) नावाखाली तळ्या-धरणांच्या पाण्याचं रसायन वर्षभर महिन्यागणिक मोजलेलं सापडतं.

दुसरं, गावाचं नाव. किनवटचं स्पेलिंग मध्ये डब्ल्यू घेऊनही येतं आणि व्ही घेऊनही. देगलूर ‘डबल ओ’नं आणि ‘यू’नं. नदीचं तर विचारूच नका: मांजरा, मांजर, मांजिरा तिन्ही चालतात, पैनगंगेची पेनगंगा होते. माहूरची विहीर जुन्या प्रबंधात किनवट तालुक्यात दिसेल, धर्माबादची बिलोलीत. शेजारच्या जिल्ह्यांचंही तेच. जालना १९८१ साली औरंगाबादेतून निघाला, लातूर १९८२ साली उस्मानाबादेतून, हिंगोली १९९९ साली परभणीतून. म्हणजे १९८२ च्या आधीचं लातूरचं काम ‘उस्मानाबाद’ टाकल्याशिवाय निघणार नाही, आणि उस्मानाबादचं अलीकडचं काम धाराशिव म्हणून येईल.

तिसरं, खडक. मराठवाडा म्हणजे बेसाल्ट असं आपण धरून चालतो, पण नांदेडच्या पूर्व आणि दक्षिण कडेला बेसाल्ट संपतो आणि ग्रॅनाइट-नाइस लागतो. तुमचं फ्लोराइड बहुतेक तिथलंच. म्हणून ‘ग्रॅनिटिक’, ‘हार्ड रॉक’, ‘क्रिस्टलाइन’ हे शब्द जोडा आणि हद्द ओलांडून आदिलाबाद, निजामाबाद बघा. खडकाला राज्याची सीमा कळत नाही, पण शोधपेटीला कळते. उस्मानिया आणि काकतीय विद्यापीठांचे प्रबंध त्यासाठी वेगळे उघडावे लागतील.

ग्रंथालय_खिडकी

वरच्याला +१. आता शोधगंगेची कळ कुठे आहे ते सांगते.

मुखपृष्ठावरची शोधपेटी शेवटी वापरा. आधी विद्यापीठाच्या यादीतून आत शिरा: छत्रपती संभाजीनगरचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ आणि नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. आत विभागांची यादी येते. तिथं एकच विषय दोन-तीन नावांनी असू शकतो (भूशास्त्र, भूविज्ञान संकुल, विज्ञान विद्याशाखा), म्हणून सगळे उघडा आणि शीर्षकं सरळ डोळ्यांनी वाचत खाली या. कंटाळवाणं आहे, पण स्पेलिंगमुळे शोधपेटीतून निसटलेले प्रबंध असेच हाती लागतात.

शोधपेटी वापरायचीच तर दोन शब्दांचा समूह अवतरणचिन्हांत टाका, नाहीतर निकाल फुगतात. एक उपयोगी प्रबंध सापडला की त्याच्या पानावर गाईडचं नाव असतं, त्या नावानं पुन्हा शोधा. एकाच गाईडचे विद्यार्थी बहुधा एकाच खोऱ्यात, शेजारच्या तालुक्यांत काम करतात.

प्रबंध तिथं अखंड नसतो, तुकड्यातुकड्यांत असतो. फाईलींना क्रमांक असतात: ०१ म्हणजे मुखपृष्ठ, मग प्रतिज्ञापत्र, अनुक्रमणिका, गोषवारा, पुढे एकेक प्रकरण, शेवटी परिशिष्टं. सगळं उतरवत बसू नका. आधी ८० क्रमांकाची ‘रेकमेंडेशन’ नावाची फाईल उघडा. नावावर जाऊ नका, तिच्यात बहुधा मुखपृष्ठ आणि निष्कर्ष असतात. दहा मिनिटांत कळतं कामाचं आहे की नाही. मग अनुक्रमणिका, आणि त्यानंतर परिशिष्ट. विहिरीगणिक कच्चे आकडे परिशिष्टात असतात, प्रकरणात नुसती सरासरी.

संदर्भ लिहिताना ब्राउझरच्या पट्टीतला पत्ता घेऊ नका. प्रबंधाच्या पानावर १०६०३ नं सुरू होणारा हँडल क्रमांक असतो, तो घ्या. सर्व्हरचा पत्ता बदलला तरी तो चालतो.

चालू असलेलं काम, म्हणजे तुमच्यासारख्यांचे सिनॉप्सिस, ‘शोधगंगोत्री’वर बघा. विषय आधीच कुणी घेतलाय का, हे आरआरसीत विचारलं जातंच.

दुधना_३१

शोधगंगेवर एम.एस्सी.चे डेझर्टेशनपण असतील ना? फिल्टर कुठला लावायचा?

ग्रंथालय_खिडकी

नाही भाऊ, फिल्टर शोधू नका. शोधगंगा मुळात पीएच.डी.साठी आहे. यूजीसीच्या २००९ च्या नियमांनी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणं बंधनकारक झालं, तेव्हापासूनचे बऱ्यापैकी मिळतात. आधीचे ज्या विद्यापीठानं स्कॅन करून चढवले तेवढेच. एम.एस्सी.ला अपवाद कृषीचा, ते परभणीकर सांगतील.

ज्वारीचं_कणीस

हजर. कृषी, उद्यानविद्या, कृषी अभियांत्रिकी, पशुवैद्यक यांचं घर म्हणजे ‘कृषिकोश’. तिथं एम.एस्सी. आणि पीएच.डी. दोन्ही असतात, आणि तुमच्या कामाचं एम.एस्सी.तच जास्त निघेल. मृदाशास्त्र विभागातली पोरं एकेका तालुक्याचे माती-पाण्याचे नमुने घेऊन दोन वर्षांत काम संपवतात.

परभणीचं विद्यापीठ १९७२ चं. नाव २०१३ साली वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ झालं, त्याआधी मराठवाडा कृषी विद्यापीठ. दोन्ही नावांनी शोधा. १९७२ च्या आधीच्या कामासाठी राहुरी बघा, कारण १९६८ साली स्थापन झालेलं राज्यातलं पहिलं कृषी विद्यापीठ पुढं तिथंच आलं.

शीर्षकं फार साचेबंद असतात, ‘इफेक्ट ऑफ’ नाहीतर ‘स्टडीज ऑन’. त्या शब्दांवर शोधाल तर हजारभर निघतील. पिकाच्या कामाला शास्त्रीय नाव टाका, कारण तूर कुठं ‘पिजनपी’ असते, कुठं ‘रेडग्राम’, पण लॅटिन नाव एकच. तुमच्यासाठी ‘सॅलिनिटी’, ‘सॉडिसिटी’ आणि तालुक्याचं नाव पुरे. काही नोंदींवर नुसता गोषवारा दिसतो, फाईल उघडत नाही. अशा वेळी नोंदणी क्रमांक आणि वर्ष टिपून विद्यापीठाच्या ग्रंथालयाला लिहा, गाईडच्या सहीचं पत्र जोडून.

काळी_माती

देशाबाहेरच्यासाठी: ओएटीडी आणि एनडीएलटीडी ही जगभरच्या प्रबंधांची शोधस्थळं मोफत आहेत. ‘बेस’ हे जर्मनीतल्या बीलेफेल्ड विद्यापीठाचं शोधयंत्र, त्यात दस्तऐवजाचा प्रकार निवडून पदव्युत्तर आणि डॉक्टरेट वेगळे काढता येतात. ब्रिटिश लायब्ररीचं ईथॉस (ब्रिटनमधल्या प्रबंधांची सूची) ऑक्टोबर २०२३ च्या सायबर हल्ल्यात बंद पडलं होतं. जुन्या मार्गदर्शिकेतली त्याची लिंक चालली नाही तर ‘कोअर’वर (मुक्त संशोधनाचं शोधयंत्र) किंवा त्या त्या विद्यापीठाच्या भांडारात शोधा. प्रोक्वेस्ट हा प्रबंधांचा डेटाबेस पैशाचा आहे, विद्यापीठानं घेतलंय का ते ग्रंथालयात विचारा. पण तुमच्या विषयाला परदेशातून पद्धत मिळेल, आकडे मिळणार नाहीत. पहिला महिना इकडेच घाला.

टंक_अळी

मराठी पीडीएफचा प्रश्न. दोन वेगळे रोग आहेत, आधी ओळखा. पीडीएफमधली एक ओळ निवडून नोटपॅडमध्ये चिकटवा.

काहीच निवडता आलं नाही तर ती नुसती चित्रं आहेत. निवडता आलं पण रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा चिकटला, तर प्रबंध युनिकोडच्या आधीच्या फाँटात टाइप झालाय. श्रीलिपी, कृतिदेव वगैरे. पडद्यावर मराठी दिसतं, पण संगणकाला आत रोमन अक्षरं दिसतात, म्हणून ‘भूजल’ शोधलं की शून्य.

दोन्हीला औषध एकच, ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर बनवणं). ‘ओसीआरमायपीडीएफ’ फुकट आहे, त्याच्यासोबत टेसरॅक्टचा (अक्षरं ओळखणारं इंजिन) मराठी भाषासंच टाका आणि भाषा म्हणून मराठी-इंग्रजी दोन्ही द्या. चिवड्याच्या फाईलीला ‘फोर्स’चा पर्याय लावावाच लागतो, नाहीतर आत मजकूर आहे असं समजून तो ती फाईल घेतच नाही. संगणकावर काही टाकायचं नसेल तर गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडा, मात्र लहान तुकड्यांत. मोठ्या फाईलीचा पुढचा भाग गळतो.

तक्त्यांवर मात्र विश्वास ठेवू नका. स्कॅन फिकट असेल तर दशांश चिन्ह पहिलं उडतं, १.५ चे १५ होतात. फ्लोराइडच्या रकान्यात १० च्या वर काही आलं की मूळ चित्र उघडून बघायचंच.

आणखी एक: मराठी प्रबंधांची शीर्षकं शोधगंगेवर अनेकदा रोमन लिपीत मराठी अशी चढवलेली असतात. ‘भूजल’, ‘जलसिंचन’, ‘जिल्ह्यातील’ रोमनमध्ये लिहून बघा.

मोल_मोजणी

आकडे जुळवायचं राहिलं.

नायट्रेट दोन प्रकारे लिहितात: नायट्रेट म्हणून, किंवा नायट्रेटमधला नायट्रोजन म्हणून. दुसऱ्याला ४.४३ नं गुणलं की पहिला येतो. प्रबंधात स्पष्ट नसेल तर पद्धतीचं प्रकरण वाचा, अंदाजानं ठरवू नका. क्षारता कॅल्शियम कार्बोनेटमध्ये दिली असेल तर १.२२ नं गुणून बायकार्बोनेट. कॅल्शियमचा कठीणपणा ०.४ नं गुणला की कॅल्शियम, मॅग्नेशियमचा ०.२४३ नं.

मग आयनांचा ताळा. सगळे धन आणि ऋण आयन मिलिइक्विव्हॅलंटमध्ये (विद्युतभाराच्या हिशोबाचं एकक) घ्या, फरकाला बेरजेनं भागून शंभरनं गुणा. ±५ टक्क्यांत असेल तर नमुना चांगला, १० पर्यंत खूण करून ठेवा, त्यापुढे वगळा. सोडियम-पोटॅशियम मोजलेलंच नसेल तर ताळा होत नाही, त्या प्रबंधातलं फ्लोराइड वेगळ्या रकान्यात ठेवा.

‘इतके टक्के नमुने सुरक्षित’ हे वाक्य तर कधीच उचलू नका. आयएस १०५०० (पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक) च्या १९९१ च्या आवृत्तीत नायट्रेटला दुसरा स्रोत नसेल तर लिटरला १०० मिलिग्रॅमपर्यंत सूट होती, २०१२ च्या आवृत्तीत ४५ आणि सूट नाही. फ्लोराइडचं १.० आणि १.५ दोन्हीकडे सारखं. कच्चे आकडे घेऊन टक्केवारी स्वतः काढा.

पावसाळ्याआधीचे नमुने आणि नंतरचे एका तक्त्यात मिसळू नका, हे सांगायला नको.

पैनगंगा_काठ

सगळ्यांचे आभार. नांदेडचा विभाग शीर्षकं वाचत संपवला, ‘ग्रॅनिटिक’ या शब्दावर दोन नवीन निघाले. एका प्रबंधात विहिरींना नुसते क्रमांक आहेत, गावांची नावंच नाहीत. काय करायचं?

मोल_मोजणी

आधी नकाशाचं पान बघा, बहुधा तिसऱ्या प्रकरणात किंवा परिशिष्टात, आडवं छापलेलं. नकाशावर अक्षांश-रेखांशाच्या खुणा असतील तर क्यूजीआयएसमध्ये (मोफत नकाशा सॉफ्टवेअर) जिओरेफरन्स करा, म्हणजे नकाशा खऱ्या जागेवर बसवा, चार कोपरे पुरतात, सहा बिंदू घेतले तर चूक कळते. विहिरीचं ठिकाण शे-दोनशे मीटर इकडेतिकडे होईल, गाव ओळखायला तेवढं चालतं. खुणा नसतील तर नद्यांचे संगम आणि रस्त्यांचे फाटे पकडून बसवा. तेही नसेल तर सिनॉप्सिसमध्ये तो प्रबंध तालुक्याच्या पातळीवरच वापरा, बिंदू म्हणून नकाशावर टाकू नका.