मदत हवी आहे: दाभोळ खाडीत गरवायला (गळाने मासे धरायला) 24 फुटी होडी (40 एचपी) घ्यावी की 18 फुटी बोट (60 एचपी)?

नमस्कार मंडळी,

राहतो पुण्यात, घर गुहागर तालुक्यात, वेलदूरच्या बाजूला. आजवर दुसऱ्याच्या होडीत बसून गरवलं. आता स्वतःची घ्यायची असं घरात ठरलंय (म्हणजे मी ठरवलंय आणि बायकोने विरोध करणं सोडलंय).

धंदा करायचा नाही, निव्वळ हौस. बहुतेक वेळ खाडीतच, कांदळवनाच्या कडेने आणि खडपांजवळ, जिताडा आणि तांबोशीसाठी. वारा पडलेला असेल तर पहाटे गोपाळगड (खाडीच्या मुखावरचा किल्ला) ओलांडून बाहेर, सुरमईसाठी ट्रोलिंग (होडी हळू चालवत मागे गळ ओढणं). किनाऱ्यापासून चार-पाच मैलांच्या पुढे जायचा बेत नाही. बरोबर मेहुणा आणि बारावीतला मुलगा, पुष्कळदा आम्ही बापलेक दोघेच.

दोन पर्याय समोर आहेत, दोन्ही जुने.

पहिली, गावातल्याच एका काकांची फायबरची होडी. 24 फूट, अरुंद, तळ जवळजवळ सपाट, नाळ (पुढचं टोक) उंच. मागे 40 एचपीचं टू-स्ट्रोक, दोरी ओढून चालू करायचं, हँडलने वळवायचं. इंजिन आठ वर्षांचं. सगळं मिळून सव्वातीन लाख. काका म्हणतात, "डोळे मिटून घे." मी डोळे उघडे ठेवून पाहिली, तेव्हा मागच्या पाटीवर (इंजिन टांगतात त्या फळीवर) इंजिनाच्या बोल्टांखाली तपकिरी ओघळ दिसले. काकांच्या मते तो बोल्टांचा गंज.

दुसरी, गोव्याहून आणलेली 18 फुटी. मधोमध कन्सोल, स्टिअरिंग, खोल व्ही तळ, डेकवर आलेलं पाणी आपोआप मागून निघून जातं. 60 एचपी फोर-स्ट्रोक, इंजेक्शनचं, मीटरवर जेमतेम 310 तास. ट्रेलरसकट साडेसात लाख. मालक परदेशात, बोट दोन वर्षं शेडमध्ये झाकून ठेवलेली. दिसायला नवीकोरी. पण टाकीचं झाकण उघडलं तर पेट्रोलचा वास येण्याऐवजी व्हार्निशचा आला.

मन दुसरीकडे ओढतंय, खिसा पहिलीकडे. खाडीच्या मुखातून आत-बाहेर करायला कोणती बरी? टू-स्ट्रोकचा पेट्रोलचा खर्च खरंच इतका जास्त असतो का? आणि दोन वर्षं बंद असलेलं इंजिन घेणं म्हणजे डोकेदुखी विकत घेणं आहे का?

दर्यावर्दी:
आधी मुखाचं बोलू, बाकी सगळं नंतर. फेब्रुवारी-मार्चपासून दुपारी वायव्येचा वारा चढतो हे तुम्हाला माहीत असेलच. त्याच वेळी ओहोटी जोरात असली की खाडीचं पाणी बाहेर आणि वारा आत, अशी समोरासमोर गाठ पडते. लाट उंच नसते, पण आखूड आणि उभी होते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात तर विचारू नका.

अशा पाण्यात लांब, अरुंद होडी हळू चालवली तर दोन लाटांवर लांबीने टेकून छान निघते. आपले लोक पिढ्यान् पिढ्या उगाच तसली होडी वापरत नाहीत. पण घाईने पळवलीत तर सपाट तळ असा आपटतो की कंबर बोलायला लागते. व्ही तळ लाट कापतो, वेगात बरा. मात्र उभं राहून, गळ टाकून होडी वाहती सोडलीत की तीच व्ही बोट जास्त डुलते, कारण लांबी कमी आणि तळ निमुळता. दोघं एकाच बाजूला मासा बघायला धावले की कळेल.

आणखी एक. परत येताना लाट मागून असते. तेव्हा मागची पाटी किती उंच आहे ते महत्त्वाचं. पाटी बुटकी असेल आणि तुम्ही अचानक वेग सोडलात तर तुमचीच मागची लाट आत येते. सपाट होडीत ते पाणी बालदीने काढायचं, दुसरीत आपोआप जाईल. बापलेक दोघेच असाल तर मी याला सगळ्यात जास्त मार्क देईन.

टूस्ट्रोकप्रेमी:
आयडीवरून माझं मत कळलंच असेल, तरी प्रामाणिकपणे सांगतो.

40 एचपी टू-स्ट्रोक पूर्ण ताणलं तर तासाला 18 ते 20 लिटर पिणार. त्यावर ऑइलचा खर्च वेगळा (50 लिटरला 1 लिटर, पण तुमच्या इंजिनाची पुस्तिका बघा). 60 चं फोर-स्ट्रोकही पूर्ण ताणलं तर 20 च्या पुढेच जातं. खरा फरक मधल्या वेगात पडतो. फोर-स्ट्रोक निम्म्यावर येतं, कार्ब्युरेटरवालं टू-स्ट्रोक तितकं उतरत नाही. ट्रोलिंगला तासन् तास हळू चालवणार असाल तर दुसरी स्वस्त पडेल, शिवाय धूर आणि ठणठणाटही नाही. पण वर्षाकाठी तुमच्यासारखा शनिवार-रविवारचा माणूस असं किती चालवणार? सव्वाचार लाखांचा फरक पेट्रोलमधून भरून निघायला मुलाचं लग्न व्हायला हवं.

टू-स्ट्रोकची खरी मजा दुरुस्तीत. बिघडलं तर तुमच्याच बंदरावर कुणीतरी पाना घेऊन येईल. प्लग, कार्ब्युरेटर, पाण्याच्या पंपाचा इम्पेलर, एवढ्यात बहुतेक रोग संपतात. इंजेक्शनच्या इंजिनाला लॅपटॉपवाला माणूस लागतो आणि तो रविवारी सकाळी वेलदूरला नसतो.

मात्र ते तपकिरी ओघळ साधे समजू नका. पाटीच्या आत प्लायवूड असतं. बोल्टांच्या भोकातून पाणी शिरलं की ते आतून कुजतं, आणि त्याचं पाणी असंच तपकिरी गळतं. लाकडी हातोडीने सगळीकडे ठोकून बघा, खणखणीत आवाजाच्या मध्येच बद्द आवाज आला की समजा. दुसरी परीक्षा, इंजिन तिरकं वर करून त्याच्या पायावर जोर देऊन दाबा आणि पाटीकडे बघत राहा. हलली, वाकली, तर काकांना नमस्कार करून घरी या. किंवा पाटी नव्याने बांधायचा खर्च किमतीतून उतरवा.

मीच (धागाकर्ता):
दोघांचेही आभार. दर्यावर्दी, पाटीच्या उंचीचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता. टूस्ट्रोकप्रेमी, मुलाच्या लग्नाचं बायकोला वाचून दाखवलं, तिने तुमच्या बाजूने मत नोंदवलंय. व्हार्निशच्या वासाबद्दल कुणी सांगेल का?

खारावारा:
मी सांगतो, कारण तेच खरं दुखणं आहे.

आता पंपावर बहुतेक ठिकाणी 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. आउटबोर्डच्या (होडीमागे टांगायच्या इंजिनांच्या) बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकेत इथेनॉल 10 टक्क्यांपर्यंतच चालेल असं लिहिलेलं असतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, आणि कोकणात ओलाव्याला काय तोटा! पाणी ठरावीक प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं. नळी नेमकी तळातूनच ओढते. दोन वर्षं पडलेल्या टाकीत हे झालेलं असणार असं धरूनच चाला. टाकी पूर्ण रिकामी करून धुवायची, नळ्या आणि हाताने दाबायचा फुगा नवा, फिल्टर नवे, इंजेक्टर तपासायचे. हे सगळं झाल्याशिवाय चालू करून बघू नका आणि मालकाच्या माणसालाही करू देऊ नका. पुढेही पाणी वेगळं करणारा 10 मायक्रॉनचा फिल्टर कायम ठेवा आणि पावसाळ्याआधी टाकी मोकळी करा.

टू-स्ट्रोकवाल्यांनी खूश होऊ नये. त्यांचं तर ऑइलही पेट्रोलमधूनच जातं. ते खालचं पाणी आत ओढलं गेलं तर वंगणाशिवाय पिस्टन फिरतो आणि जाम होतो.

बाकी दोन्ही इंजिनांना सारखंच. गिअर ऑइलचा थेंब काढून बघा, दुधाळ असेल तर सील गेलं, पाणी शिरलंय. सगळ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा, आकडा कमी-जास्त असू दे, पण एकमेकांत 10-15 टक्क्यांच्या वर फरक नको. चालू झाल्यावर मागून पाण्याची पिचकारी नीट येते ना ते बघा. 310 तास म्हणजे काहीच नाही, पण खाऱ्या पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्याने धुतलं नसेल तर तेवढ्या तासांतही आतले पाण्याचे मार्ग मिठाने बुजतात.

आणि पहिली घेतलीत तर हँडलवर बसणाऱ्याच्या मनगटाला किल स्विचची दोरी (ओढली गेली की इंजिन बंद) हवीच. हँडलच्या होडीत माणूस पडला की इंजिन एका बाजूला वळतं आणि होडी गोल फिरून त्याच्याच अंगावर येते, पंख्यासकट. मुलगा चालवणार असेल तर यावर वाद नको.

हौशीगळ:
वर चिपळूणकडे गेलात तर मगरी आहेत. बोट कुठलीही घ्या, हात पाण्यात सोडून बसू नका.

दर्यावर्दी:
कागदांचं राहिलं. काकांची होडी मच्छीमार नौका म्हणून नोंदलेली असेल तर कागद कुणाच्या नावावर आहेत, इंजिनाचा नंबर जुळतो का, ते बघा. हौशी वापरासाठी नाव बदलून घेताना मत्स्यव्यवसाय खातं आणि मेरीटाइम बोर्डाचं बंदर कार्यालय, दोन्हीकडे आधी विचारा. पैसे मोजून मग विचारू नका. 1 जून ते 31 जुलै मासेमारीला बंदी असते, त्या काळात तुमची होडी कुठे ठेवणार हेही ठरवा. आणि 1554 हा तटरक्षक दलाचा नंबर दोघांच्याही फोनमध्ये असू द्या.

मीच (धागाकर्ता):
आज दोन्हीकडे जाऊन आलो. काकांची पाटी डाव्या बोल्टाखाली बद्द वाजते. दाबून बघितली तर हलली नाही, पण आवाज खोटा नाही. काका म्हणाले, "अरे, सगळ्यांच्याच वाजतात!" त्यामुळे पहिली आता पाटीचा खर्च उतरवूनच, नाहीतर नाही.

दुसऱ्या मालकाला फोनवर सांगितलं की टाकी, नळ्या, इंजेक्टर सगळं करून द्या किंवा सहा लाखांत द्या. विचार करून सांगतो म्हणाले. काम झाल्यावर पौर्णिमेच्या उधाणात, दुपारच्या ओहोटीला, मुखाशी नेऊन चालवून दाखवायची अटही घातली. दर्यावर्दी, या अटीसाठी तुम्हाला धन्यवाद, मालक दोन सेकंद गप्पच झाले.

आता एकच अडकलंय. बोट, इंजिन आणि ट्रेलर मिळून टनाच्या आसपास वजन भरेल. माझ्या छोट्या गाडीने ते वाळूतून ओढणं शक्य नाही. गावात ट्रॅक्टर आहे, पण भरतीची वेळ रोज पाऊण-एक तास पुढे सरकणार आणि ट्रॅक्टरवाल्याची शेतीची वेळ ठरलेली. तुमच्यापैकी कुणी ट्रॅक्टरने बोट उतरवतं का? फेरीचे किती घेतात, आणि खाऱ्या पाण्यात मागची चाकं घालायला तयार होतात का?