जुने वी रिमोट लॅपटॉपला जोडायचेत: डाँगल घेऊ की डॉल्फिनबार? (बजेट १५०० रु.)

मोगरा_नाशिक
नमस्कार मंडळी. न्यू जर्सीच्या भावोजींनी मुलांसाठी त्यांची जुनी वी (निन्टेंडोचं हात फिरवून खेळायचं गेमयंत्र) पाठवली. धाकट्या दिरांनी उत्साहाच्या भरात अ‍ॅडॉप्टर थेट भिंतीतल्या प्लगला लावला. तो अमेरिकेतला, १२० व्होल्टचा. फट्ट आवाज, करपल्याचा वास, खेळ खलास.
आता हाताशी काय आहे: दोन रिमोट (एक जुना साधा, दुसऱ्यावर खाली 'मोशनप्लस इनसाइड' लिहिलंय, म्हणजे हाताची हालचाल जास्त अचूक टिपणारा), एक नंचक (रिमोटला वायरने जोडायचा, दुसऱ्या हातात धरायचा कंट्रोलर), वायरवाला सेन्सर बार, आणि भावोजींनी त्यांच्याच डिस्कवरून पेन ड्राइव्हवर काढून दिलेले वी स्पोर्ट्स आणि वी स्पोर्ट्स रिझॉर्ट. लॅपटॉप आय-५, ८ जीबी रॅम, विंडोज ११, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, ब्लूटूथ आहे. टीव्हीला एचडीएमआयने जोडणार.
डॉल्फिन (वीचे गेम कॉम्प्युटरवर चालवणारा प्रोग्राम, म्हणजे एम्युलेटर) टाकून झालं, कीबोर्डवर गेम सुरूही होतो. पण सासूबाईंना बोलिंग खेळायचंय, तेही हात फिरवूनच. १५०० च्या वर एक रुपया नाही. काय घेऊ?

गॅजेट_गणू
ताई, सरळ निन्टेंडोचा नवा कन्सोल, स्विच घ्या. जॉय-कॉन (त्याचे छोटे कंट्रोलर) मिळतात, वायरलेस आहेत, कटकट नाही. मी गेल्या वर्षी दुबईहून आणला, लोण्यासारखा चालतो.

मोगरा_नाशिक
गणू, १५०० मध्ये स्विचचा खोका तरी येईल का?

पेठेतला_पंत
गणूभाऊंनी 'बजेट' हा शब्द वाचलेला दिसत नाही. असो. पेन ड्राइव्हवरचे गेम ही चाचेगिरी आहे, याची धागाकर्तीला कल्पना असावी.

बायनरी_बंड्या
पंत, स्वतःच्या डिस्कवरून काढलेत असं स्वच्छ लिहिलंय. एम्युलेटर वापरणं हा गुन्हा नाही. वाद घालायचा तर वेगळा धागा काढा.
मोगराताई, मेफ्लॅशचा डॉल्फिनबार घ्या आणि विषय मिटवा. यूएसबीला लावायचा. आत ब्लूटूथही आहे आणि इन्फ्रारेडचे दिवेही, म्हणजे दोन्ही कामं एकात. बटण दाबून मोड ४ वर आणा, डॉल्फिनमध्ये 'रिअल वी रिमोट' निवडा, 'कंटिन्युअस स्कॅनिंग'वर टिचकी मारा, रिमोटवर सिंक दाबा. चार रिमोट चालतात. माझ्याकडे सहा वर्षं आहे, एकदाही रुसला नाही.

अटकमटक
+१ डॉल्फिनबार.

खवट_खानदेशी
डॉल्फिनबार आपल्याकडे मिळतो का हो सहज? मी शोधला तेव्हा बाहेरून मागवावा लागत होता, वर कस्टम. १५०० मध्ये बसणार नाही.
साधा यूएसबी ब्लूटूथ डाँगल घ्या. डॉल्फिनमध्ये 'पासथ्रू' म्हणून पर्याय आहे. त्यात डॉल्फिन अख्खा डाँगल स्वतःकडे घेतं आणि रिमोटला वाटतं आपण खऱ्या वीशीच बोलतोय. मोशनप्लस, रिमोटच्या स्पीकरचा आवाज, सगळं मूळच्यासारखं. झॅडिग नावाच्या छोट्या प्रोग्रामने डाँगलचा ड्रायव्हर बदलावा लागतो, पाच मिनिटांचं काम.

शिरीष_सोलापूर
पाच मिनिटांचं काम म्हणे! ड्रायव्हर बदलला की तो डाँगल विंडोजला दिसेनासा होतो हे सांगा ना. आमच्या चिरंजीवांनी घाईत लॅपटॉपच्या आतल्या ब्लूटूथवरच झॅडिग चालवलं, दोन दिवस घरातला माऊस आणि हेडफोन बंद. आणि बाजारात 'सीएसआर ४.०' लिहिलेले दीडशे-दोनशेचे डाँगल मिळतात, त्यातले कित्येक नकली. वर लेबल एक, आत चिप भलतीच. डॉल्फिनच्या विकीवर चालणाऱ्या डाँगलची यादी आहे, ती बघूनच घ्या.

खवट_खानदेशी
चिरंजीवांचा दोष डाँगलच्या माथी मारू नका.

ऑकलंडची_सुमी
मी सगळं वाचलं नाहीये, पण सेन्सर बारचं कुणी बोललं का? माझ्या मैत्रिणीने नवा डाँगल घेतला, रिमोट जोडला गेला, पण पडद्यावरचा हात हलेना. बार लावलाच नव्हता!

बायनरी_बंड्या
सुमीताई, वर लिहिलंय.
पण मुद्दा बरोबर आहे आणि इथेच लोक गंडतात, म्हणून सविस्तर लिहितो. नावात 'सेन्सर' असलं तरी बार काहीच सेन्स करत नाही. त्यात दोन टोकांना इन्फ्रारेड एलईडींचे दोन झुबके असतात, बस्स. कॅमेरा रिमोटच्या नाकात असतो. त्याला ते दोन ठिपके दिसतात आणि त्यांच्या जागेवरून तो ठरवतो तुम्ही पडद्यावर कुठे रोखलंय. हात फिरवल्याचं मात्र आतल्या अ‍ॅक्सेलरोमीटरला कळतं, त्याचा बारशी संबंध नाही. म्हणजे बोलिंगचा चेंडू टाकायला बार लागत नाही, मेनूत बटण निवडायला लागतो.
वीच्या बारची पिन वेगळी असते, लॅपटॉपमध्ये जात नाही. वायर कापून यूएसबीला जोडायचे व्हिडिओ आहेत, त्या फंदात पडू नका. यूएसबीवर किंवा सेलवर चालणारा नुसता दिव्यांचा बार मिळतो, डॉल्फिनबारपेक्षा बराच स्वस्त. तो चालू आहे का बघायचं तर मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यातून बघा, बऱ्याच फोनमध्ये जांभळट ठिपके दिसतात. नुसत्या डोळ्यांना काही दिसणार नाही, आणि लोक 'बंद पडला' म्हणून परत पाठवतात.

अटकमटक
अवांतर: दोन मेणबत्त्यांवरही चालतं. ज्योतीतूनही इन्फ्रारेड निघतं. आमच्याकडे गौरीच्या दिवसांत टीव्हीशेजारी दोन समया होत्या, त्यांच्यावर अख्खं टेनिस खेळलो. उलट एरवी देवघर टीव्हीच्या बाजूला असेल तर समईमुळे कर्सर नाचतो. खिडकीतून थेट ऊन येत असेल तरी तेच.

पेठेतला_पंत
समयांपुढे टेनिस! धन्य.

गॅजेट_गणू
पीएस-४ चा कंट्रोलर असेल तर वी रिमोट लागतच नाही. त्यात जायरो (हात कसा वळला ते ओळखणारा सेन्सर) आहे. डीएसफोरविंडोज टाका, त्यातला यूडीपी सर्व्हर सुरू करा, डॉल्फिनमध्ये डीएसयू क्लायंट लावा. डॉल्फिन वी रिमोटचं सोंग करतं, मोशनप्लससकट. जॉय-कॉनसाठी बेटरजॉय. फोनचीसुद्धा अ‍ॅप्स आहेत, म्हणजे खर्च शून्य.

मोगरा_नाशिक
पीएस-४ नाही. आणि सासूबाईंच्या हातात फोन देऊन 'जोरात फेका' म्हणायची माझी हिंमत नाही.

शिरीष_सोलापूर
मनगटाची दोरी लावाच. वी आली तेव्हा, २००६ सालीच, लोकांनी इतके रिमोट टीव्हीवर फेकले की निन्टेंडोला जाड दोऱ्या बदलून द्याव्या लागल्या होत्या. तुमच्या जुन्या रिमोटची दोरी तपासा, बारीक सुतळीवजा असेल तर बदला.

वाटाण्याच्या_अक्षता
एक वेगळं विचारू का? गेलंय ते फक्त अ‍ॅडॉप्टर असेल. वी कदाचित धडधाकट आहे. २३० व्होल्टवर चालणारा, १२ व्होल्ट ३.७ अँपियर देणारा वीचा अ‍ॅडॉप्टर शोधा. मात्र वीचाच हवा, टोकाची पिन निराळी असते. एम्युलेटर, डाँगल, सगळं विसरा.

खवट_खानदेशी
अखेर एक शहाणा माणूस. अनुमोदन.

मोगरा_नाशिक
अक्षता, हे माझ्या डोक्यात आलं होतं. पण वीला एचडीएमआय नाही आणि आमच्या नव्या टीव्हीला पिवळी-लाल-पांढरी भोकं नाहीत. म्हणजे अ‍ॅडॉप्टर, वर कन्व्हर्टर, आणि एवढं करून वी मेलेली निघाली तर? लॅपटॉपवर गेम चालतोय हे निदान डोळ्यांनी दिसतंय.
कुणी सांगाल का, लॅपटॉपच्या आतल्या ब्लूटूथवर का नको?

अटकमटक
नको. तुटतं.

शिरीष_सोलापूर
नकोच.

बायनरी_बंड्या
चालतं, पण लॅपटॉपगणिक नशीब. विंडोजच्या सेटिंग्जमधून पेअर करायला जाऊ नका, तिथे पिन मागत बसतं. डॉल्फिन उघडून स्कॅनिंग सुरू ठेवा आणि रिमोटवर १ आणि २ एकदम दाबा किंवा सेलच्या झाकणाखालचं लाल सिंक बटण दाबा. तुमचा जुना रिमोट बहुधा निमूट लागेल. 'मोशनप्लस इनसाइड'वाल्याच्या मॉडेल नंबरात शेवटी टीआर असतं. त्या मॉडेलचं आणि विंडोजच्या ब्लूटूथचं पूर्वीपासून बिनसलेलं. लिनक्सवर दोन्ही गुण्यागोविंदाने नांदतात.
साधं वी स्पोर्ट्स जुन्या रिमोटवर पूर्ण चालतं. रिझॉर्टला मोशनप्लस लागतोच, तिथे पर्याय नाही. मी अजूनही म्हणेन थोडे पैसे साठवा आणि डॉल्फिनबारच घ्या.
आणखी दोन गोष्टी. टीव्हीचा 'गेम मोड' सुरू करा, नाहीतर हात फिरवल्यावर चेंडू उशिरा सुटतो आणि दोष रिमोटला जातो. वेगळं कार्ड नाही तर रिझोल्यूशन मूळचंच ठेवा, अडखळलं नाही तरच दुप्पट करा.

गॅजेट_गणू
किंवा स्विच.

पेठेतला_पंत
हेमाशेपो (हे माझं शेवटचं पोस्ट). ज्येष्ठांनी तळ्यावर फिरायला जावं. बोलिंग म्हणे.

मोगरा_नाशिक
पंत, सासूबाई रोज गोदाकाठी दीड तास चालतात, संध्याकाळची सोय विचारत होते.
काल रात्री बंड्यांनी सांगितलं तसं आतल्या ब्लूटूथवर करून पाहिलं. जुना रिमोट १ आणि २ दाबताच लागला, चार निळ्या दिव्यांतला पहिला स्थिर झाला आणि रिमोट हातात थरथरला. तासभर बोलिंग झालं, एकदाही तुटला नाही. प्लसवाला लागतो, पण थोड्या वेळाने आपोआप सुटतो. निरांजनांचा प्रयोग सासूबाईंनी हाणून पाडला, म्हणून मेनू तेवढा माऊसवर चालवला.
तर डाँगल नाही, डॉल्फिनबार नाही, अ‍ॅडॉप्टरही नाही. नुसता यूएसबी दिव्यांचा बार मागवला. उरलेल्या पैशांत चार रिचार्जेबल सेल आणि चार्जर, कारण रिमोटला दोन-दोन पेन्सिल सेल लागतात आणि घरी टीव्हीच्या रिमोटमधले पळवणं सुरू झालंय. एकच रिमोट आळीपाळीने फिरवू, बोलिंगला तेवढं पुरतं. रिझॉर्ट दिवाळीनंतर बघू.

बायनरी_बंड्या
दिवाळीनंतर डॉल्फिनबारसाठी याच धाग्यावर याल, लिहून ठेवा.

खवट_खानदेशी
डाँगलसाठी.

नवीन_सदस्य_नितीन
धागा वर काढतोय. माझ्याकडे फक्त नंचक आहे, रिमोट नाही. चालेल का?

अटकमटक
नंचकची वायर रिमोटमध्येच जाते हो. आधी रिमोट घ्या.

गॅजेट_गणू
नितीन, बजेट किती?