आडव्या सायकलीला शर्यतीबाहेर काढणारा नियम

सायकलीची चौकट शंभर वर्षे बदलली नाही, कारण ती मुळातच निर्दोष आहे, असे एक मत मांडले जाते; मजबुती आणि वजन यांच्या मेळापुरते ते मान्य आहे. मात्र या स्थैर्यामागे अभियांत्रिकीइतकाच शर्यतींच्या नियमांचाही हात होता. ७ जुलै १९३३ रोजी पॅरिसमध्ये फ्रान्सिस फोर याने शार्ल मोशे यांच्या ‘व्हेलोकार’वर, म्हणजे मागे रेलून, पाय पुढे ताणून चालवायच्या सायकलीवर, तासाभरात ४५.०५५ किलोमीटर अंतर कापले आणि ऑस्कर एगचा १९१४ पासून टिकलेला ४४.२४७ किलोमीटरचा विक्रम मागे टाकला. फोर पहिल्या फळीचा शर्यतपटू नव्हता, त्यामुळे श्रेय बव्हंशी यंत्राचेच होते, आणि नेमके तेच खटकले असावे. १९३४ मध्ये आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने शर्यतीच्या सायकलीची व्याख्याच अशी ठरवली की हा प्रकार बाद झाला.

सपाटीवर वेग वाढला की बहुतेक ताकद हवा कापण्यात खर्च होते. रेललेल्या शरीराला हवेचा अडथळा कमी होतो, एवढेच त्यामागचे रहस्य. चढावर मात्र पेडलवर उभे राहता येत नाही, त्यामुळे आपल्या घाटांत ही सायकल चालवणाऱ्याचा घाम काढील, यात शंका नाही.