डिमेन्शिया झालेल्या माणसाला सांभाळताना: तुमचे अनुभव लिहा

आमच्या आईला अल्झायमर आहे, म्हणजे डिमेन्शियाचा (स्मृतिभ्रंशाचा) सर्वाधिक आढळणारा प्रकार. औषधं, तपासण्या, आहार यांवरची माहिती हवी तेवढी मिळते. मिळत नाही ते असं: स्वतःच्याच घरात बसून 'मला घरी सोड' म्हणणाऱ्या आईला काय उत्तर द्यायचं? तिने अंघोळच नाकारली तर? आणि सांभाळणाऱ्याने झोपायचं कधी?

2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाच्या अंदाजानुसार साठी ओलांडलेल्या भारतीयांपैकी सुमारे 7.4 टक्के, म्हणजे जवळजवळ 88 लाख लोकांना डिमेन्शिया आहे. यातल्या बहुतेकांमागे घरातलं एक माणूस बांधलेलं असतं. सून, मुलगी, बायको, क्वचित नवरा किंवा मुलगा. हा धागा त्या माणसासाठी आहे. जे स्वतः केलंय तेच लिहा. आणि इतरांची कोणती मदत खरोखर कामी आली, हे आवर्जून लिहा, कारण 'काही लागलं तर सांग' असं म्हणणारे पुष्कळ असतात आणि नेमकं काय सांगायचं ते आपल्याला सुचत नाही.

सुरुवात मी करते. दिवस कलला की आईची घालमेल सुरू होते. कापडी पिशवीत कंगवा, देवघरातली घंटा, एखादं परकर-पोलकं असं भरून ती दाराशी उभी राहते. 'अगं, हेच आपलं घर' म्हटलं की चिडते. म्हणून मी आता विचारते, 'घरी कोण कोण आहे गं?' मग वाईचा वाडा निघतो, आत्या निघते, गोठ्यातली कपिला निघते. बोलता बोलता पिशवी खाली ठेवली जाते. दिवे आम्ही उजेड असतानाच लावतो आणि पडदे ओढून घेतो. खिडकीच्या काचेत स्वतःलाच बघून 'ती बाई कोण' म्हणून ती घाबरायची.

सून, कोल्हापूर

सासूबाईंनी माझ्यावर पाटल्या चोरल्याचा आळ घेतला. शेजारी सांगितलं, भाजीवालीला सांगितलं, माझ्या माहेरी फोन करून सांगितलं. हा आजार आहे हे मला कळत होतं, तरी रात्री उशीत तोंड खुपसून रडायचे. पाटल्या पोह्याच्या डब्यात सापडल्या. दोन दिवसांनी पुन्हा तेच.

मला खरी मदत केली ती नणंदेने. ती मला समजवायला आली नाही, राहायला आली, आणि मला माहेरी पाठवलं. तिसऱ्याच दिवशी आळ तिच्यावर आला. तिने मला फोन करून एवढंच म्हटलं, 'वहिनी, तू हे रोज ऐकतेस?' तेव्हापासून ती दर महिन्याला येऊन राहते, आणि घरात माझ्याबद्दल कुणी शब्द काढला की तीच उत्तर देते.

अंघोळीचं सांगते. शॉवर बंद केला, डोक्यावरून पाणी आलं की त्या किंचाळायच्या. आता पाट, बादली, तांब्या. अंगावर मोठा पंचा तसाच ठेवायचा, उघडं करायचं नाही. आधी पायांवर पाणी, मग हात, तांब्या थोडा वेळ त्यांच्याच हातात. डोकं वेगळ्या दिवशी. 'अंघोळ करायची का' असं विचारत नाही, विचारलं की नाहीच म्हणतात. 'पाणी काढलंय, निवतंय' म्हटलं की उठतात. निवणारं पाणी वाया घालवणं त्यांना अजूनही जमत नाही.

मुलगा, नागपूर

थोडक्यात लिहितो. बाबा एका रात्रीत कुणालाच ओळखेनात, भिंतीशी बोलू लागले. आजार वाढला असंच सगळ्यांनी धरलं होतं. डॉक्टरांनी लघवी तपासली, जंतुसंसर्ग निघाला. उपचारानंतर बाबा पूर्वीच्या पातळीवर आले. बदल अचानक झाला की लगेच दाखवा. आणि पहिल्या निदानाच्या वेळी बी-12 आणि थायरॉइड तपासून घ्या. त्यांच्या कमतरतेनेही विसराळूपणा येतो आणि तो बराच सुधारू शकतो.

मुलगी, ठाणे

मी कागदांबद्दल लिहिते, कारण यात भली भली कुटुंबं अडकतात. आईने मला मुखत्यारपत्र दिलं होतं, आम्ही निर्धास्त होतो. पण करार कायद्याच्या कलम 201 प्रमाणे, देणाऱ्या व्यक्तीची मानसिक क्षमता गेली की मुखत्यारपत्र संपतं. म्हणजे ज्या दिवसासाठी करून ठेवलं, नेमका त्याच दिवशी त्याचा उपयोग नाही! त्यानंतर पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयात जावं लागतं. त्यामुळे निदान नवं असताना, माणसाला समजतंय तोवर, खातं 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात' असं संयुक्त करा, नामनिर्देशन बघा, मृत्युपत्र करायचं असेल तर डॉक्टरांच्या दाखल्यासह करा. त्यांच्याशी बोलून करा, त्यांच्या पाठीमागे नको.

पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी आईला बँकेत नेत नाही. मोबाइलवर चेहरा दाखवून होतो, किंवा पोस्टमन घरी येऊन करतो.

नवरा, डोंबिवली

माझी पत्नी शिक्षिका. तिची स्मरणशक्ती सुरुवातीला बरी होती, बदलला तो स्वभाव. कुणालाही काहीही बोलायची, दुकानातली वस्तू उचलून चालू लागायची, तिच्या सख्ख्या बहिणीच्या मयतीला हसली. वय छप्पन्न, त्यामुळे डिमेन्शियाचं नाव कुणी काढलं नाही. पाळी जाण्याचा त्रास, मानसिक ताण, सगळं सांगून झालं. फ्रन्टोटेम्पोरल डिमेन्शिया हे नाव फार उशिरा कळलं. हा प्रकार पुष्कळदा साठीच्या आतच सुरू होतो.

मी खिशात छापील चिठ्ठ्या ठेवतो: 'माझ्या पत्नीला मेंदूचा आजार आहे. कृपया सांभाळून घ्या.' वाद न घालता हातात देतो. एका रिक्षावाल्याने ती वाचली आणि मागे वळून तिला 'बाई, नीट बसलात ना?' असं विचारलं. तेवढ्यानेही मला बळ आलं.

तिच्या भजनी मंडळातल्या दोघी दर गुरुवारी तिला घेऊन जातात. बोलणं कमी झालंय, पण टाळ धरला की ताल चुकत नाही. त्या दोन तासांत मी वाचनालयात जाऊन बसतो. कुणी मला विचारलं काय मदत करू, तर मी असे दोन तास मागतो.

लेस्टर, इंग्लंड

बाबांचं इंग्रजी गेलं. उभं आयुष्य इथे नोकरी केलेला माणूस आता फक्त मराठी बोलतो, तेही लहानपणचं, सावंतवाडीकडचं. केअर होममधल्या मुली फार मायाळू आहेत, पण त्यांना कळणार कसं? मी रोमन लिपीत शब्द लिहून कपाटावर चिकटवले: पाणी, दुखतंय का, भूक, थंडी वाजते का. एक मुलगी रोज सकाळी 'बाबा, चहा?' म्हणते आणि ते मान डोलावतात. निदान लवकर झाल्यामुळे इथलं कायमस्वरूपी मुखत्यारपत्र वेळेत झालं. क्षमता गेल्यावरही ते चालतं. आपल्याकडे असा कायदा हवा.

पिंपरी, पेशंट सांभाळते

मी ब्युरोतर्फे जाते, बारा तासांची ड्यूटी. माझी मुलगी टाइप करतेय. घरचे लोक पहिल्या दिवशी औषधाचा कागद देतात, माणसाबद्दल काही सांगत नाहीत. काय काम करत होते, काय नावाने हाक मारायची, कशाला घाबरतात, एवढं सांगा. माझे एक आजोबा गिरणीत होते. रात्री उठून डबा मागायचे, पाळीला उशीर होतोय म्हणायचे. मुलगा सांगायचा, 'गिरणी कधीच बंद झाली,' की ते रडायला लागायचे. मी म्हटलं, 'आजोबा, पाळी बदललीय, आता सकाळची.' ते म्हणाले, 'मुकादमाने सांगितलं?' मी म्हटलं, हो. झोपले.

जेवण नेहमी ताठ बसवून भरवा, घाई करू नका, ठसका लागत असेल तर डॉक्टरांना सांगा. घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. अंथरुणाला खिळलेल्याची कूस दर दोन तासांनी बदला. आणि आम्हालाही आठवड्याची सुट्टी द्या. थकलेल्या हाताने माणूस नीट धरवत नाही.

पुन्हा मी

एका वाचकाने विचारलंय, 'मी बंगळुरूला, आईला दादा-वहिनी सांभाळतात. मी लांबून काय करू?' वरचं सगळं वाचून माझं उत्तर असं: वहिनीला आजच फोन करा आणि आईची नाही, तिची झोप कशी आहे ते विचारा. रात्रीच्या बाईचे पैसे तुम्ही द्या. औषधं मागवणं, डॉक्टरांची वेळ घेणं, विम्याचे कागद ही कामं लांबून होतात, ती पूर्ण स्वतःकडे घ्या. दिवाळीला पाहुण्यासारखे चार दिवस नको; रजा घेऊन एकटे या आणि त्या दोघांना बाहेर पाठवा. ज्येष्ठांसाठीची 14567 ही हेल्पलाइन सकाळी आठ ते रात्री आठ चालते, आणि वहिनीला स्वतःचं मन मोकळं करायचं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 कुठल्याही वेळी लागतो. दोन्ही नंबर तिच्या फोनमध्ये घालून द्या.