आजीच्या पोर्ट्रेटवर एडिटिंग किती करावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आजीच्या पंचाहत्तरीसाठी तिचा फोटो काढलाय. ८५ मिमी लेन्स, खिडकीतला उजेड, १२ बाय १८ इंचांची प्रिंट. लाइटरूम या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टेक्श्चर (त्वचेचा बारीक पोत कमी-जास्त करणारा स्लायडर) उणे ४० केलं तर सुरकुत्या गेल्या, पण कपाळावरचं हिरवं गोंदणही पुसट झालं आणि ती आजी वाटेचना! आता उणे १० वर आणलंय, डोळ्यांखालच्या सावल्या जरा उजळल्यात. आत्या म्हणते, अजून गुळगुळीत कर. माझा हात धजत नाही. पुटकुळी, ओरखडा काढावा, पण सुरकुत्या आणि तीळ तिचेच आहेत ना?

मॅट कागदावर सावल्यांमधले बारकावे दबतात, तर प्रिंटसाठी किती उजळवू? आणि मास्क लावून, म्हणजे तेवढाच भाग वेगळा निवडून, फक्त गोंदण जसंच्या तसं ठेवलं तर ते चिकटवल्यासारखं दिसेल का? शुक्रवारी प्रिंटला द्यायचंय.